शनिवारचे ओले केस

माझा भाऊ दर शनिवारी घरी येऊ लागला, तेव्हाच मला वाटलं की कुठेतरी पाणी मुरतंय. त्याआधी तो नाताळला यायचा आणि एकदा मे महिन्यात, आंबे न्यायला. विरारला त्याचा फ्लॅट आहे, सातिवलीत पॅकिंगच्या एका युनिटमध्ये तो सुपरवायझर आहे, आणि पापडीला आमच्या वाडीत आला की पाहुण्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसतो. असा माणूस अचानक सकाळीसकाळी पावांची पिशवी घेऊन हजर होतो आणि म्हणतो, "ताई, तू जा शाळेत. माझी दुसरी पाळी आहे. तोवर मी बसतो आईजवळ." शेजारीण मला म्हणाली, यात संशय घेण्यासारखं काय आहे? पोरगा आईजवळ बसतोय! तिला काय जातं म्हणायला. तिचा भाऊ तारलेला नाही.

माझा आहे. म्हणजे देवानं आपल्याला कायमचं तारलंय, असं तो स्वतःच सांगतो.

काही वर्षांपूर्वी त्यानं आपलं देऊळ सोडलं. आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, मीही म्हणते. ते सोडून तो सातिवलीतल्या एका प्रार्थनेच्या मंडळीत जाऊ लागला. सुट्टीच्या दिवशी एका गाळ्यात मशिनींवर ताडपत्री टाकून, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून त्यांची सभा भरते. तिथेच त्यानं दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला, पाण्याच्या निळ्या टाकीत बुडी मारून. त्याचा फोटो त्यानं मला मोबाइलवर दाखवला होता. टाकीत छातीपर्यंत उभा, डोळे मिटलेले, केस कपाळाला चिकटलेले. मी आईला तो दाखवला नाही, पण रविवारची मिस्सा, म्हणजे उपासना, सुटल्यावर देवळाच्या आवारात कोणीतरी तिच्या कानावर घातलंच. ती घरी आली, डोक्यावरचा पदर काढला आणि एवढंच म्हणाली, "थंडी वाजली असंल त्याला."

मला मात्र राग आला होता, आणि तो मी गिळला नाही. भांडण आम्ही आमच्या बोलीत केलं, इथे साफसूफ करून लिहिते आहे. मी म्हटलं, "तुझं म्हणणं काय, की तारण एकदा झालं की जात नाही?" तो म्हणाला, "नाही जात. देवानं धरलेला हात देव सोडत नाही." मी म्हटलं, "मग पहिला बाप्तिस्मा कुठे गेला? आईनं तुला कडेवर घेऊन देवळात नेलं तो?" तो म्हणाला, "तो मी घेतला नव्हता, मला दिला होता." उत्तर तयारच होतं त्याचं. तयार उत्तरं देणाऱ्या माणसावर माझा कधीच विश्वास बसत नाही. इतकी वर्षं वर्गात शिकवल्यावर पाठ केलेलं उत्तर मला आवाजावरून कळतं.

मग मी त्याच्या मित्राचा विषय काढला. त्याच टाकीत बुडी मारलेला, रडून रडून सगळ्यांपुढे विश्वासाची साक्ष दिलेला एक मित्र वर्षभरात पुन्हा बाटलीला लागला होता आणि मंडळीतून गायब झाला होता. "त्याचं काय? त्याचं तारण गेलं की आहे?" भाऊ म्हणाला, "त्याचं मुळात झालंच नव्हतं." मी त्याला तिथेच पकडला. "म्हणजे झालंय असं ज्याला वाटतं त्याचं झालेलं नसू शकतं. मग तुझं झालंय हे तुला कोणी सांगितलं? आम्ही म्हणतो, मिळालेलं हातचं जाऊ शकतं. तुम्ही म्हणता, ज्याचं गेलं त्याला मिळालंच नव्हतं. शेवटपर्यंत धाकधूक दोघांनाही आहेच की!" तो पावाला लोणी लावत बसला. मी जिंकले म्हणून खूश होते, पण त्याचा चेहरा मला आवडला नाही. त्यानंतर आम्ही या विषयावर बोललो नाही.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्याभोवती आहे.

आईचा शनिवार आयुष्यभर ठरलेला होता. सकाळी रिठे-शिकेकाईनं केस धुवायचे, अंगणातल्या क्रुसाजवळ उन्हात बसून ते वाळवायचे, अंबाड्यात चाफा खोवायचा आणि संध्याकाळी लाल लुगडं नेसून देवळात फादरांपुढे पापनिवेदनाला जायचं. रविवारी मिस्सा, पण शनिवार आधी. मी लहानपणी विचारलं होतं, केस का धुवायचे? ती म्हणाली होती, "आतलं फादर धुतील. भायेरचं आपण नको धुवायला?" न्हाल्याशिवाय ती फादरांसमोर कधी गेली नाही, तापातसुद्धा. तिच्या पिढीतल्या बायकांना शनिवारचं न्हाणं आणि शनिवारची क्षमा या दोन वेगळ्या गोष्टी वाटतच नव्हत्या.

आता ती विसरते. आधी गॅस विसरायची, मग नातेवाईक, मग दिवस. पण पाप विसरत नाही. नेमकं सांगायचं तर कुठलं पाप ते तिला आठवत नाही, पण काहीतरी सांगायचं राहिलंय ही धास्ती तिच्या अंगातून जात नाही. गुडघ्यांमुळे देवळात जाणं सुटलं, तेव्हा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना परमप्रसाद द्यायला येतात ते आमच्याकडेही येऊ लागले. ती त्यांच्यापुढे सगळं सांगते, ते क्षमा देतात, तिचा चेहरा निवळतो. ते फाटकाबाहेर पडून मोटारसायकल सुरू करतात न करतात तोच ती मला विचारते, "फादर कवा येनार? मना सांगायचं हाय." मी सांगते, आत्ताच सांगितलंस ना. ती माझ्याकडे अशी बघते, जणू मीच तिला फसवते आहे. मग रडते. "मी अशीच मेली तर?" हे ती रोज विचारते. कितीही क्षमा मिळाली तरी ती तिच्यापाशी टिकत नाही. तारण हरवू शकतं की नाही यावर लोक वाद घालतात, आणि माझ्या घरात एक म्हातारी ते रोज हरवते आणि रोज शोधत बसते. मला तिचं रडणं सहन होत नाही, आणि खरं सांगायचं तर कधीकधी तिचा रागही येतो.

अशात भावाच्या शनिवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. गावात दोघातिघांनी मला डोळे मिचकावून विचारलं, वाडीचं काही चाललंय का? आमच्याकडे भाऊ अचानक प्रेमळ झाला की लोकांना आधी सात-बारा आठवतो. तो वाडीसाठी येत असता तर मला बरं वाटलं असतं. मला भलतीच भीती होती. आईला आता काही कळत नाही, ती कशालाही हो म्हणेल. तिला मंडळीच्या पद्धतीनं एक प्रार्थना म्हणायला लावायची, पाण्यात बुडवायची, आणि मग आयुष्यभर छाती काढून सांगायचं की माझी आई शेवटी खऱ्या विश्वासात आली. हे तो करणार, अशी माझी पक्की खात्री झाली होती.

मग मी खुणा गोळा करू लागले. घरापुढच्या ओट्यावरचं स्टूल जागेवरून सरकलेलं असायचं आणि नेहमी खिडकीखालीच सापडायचं. भावाचा मोबाइल बंद असायचा, एरवी तो मिनिटभर खाली ठेवत नाही. मी आले की तो घाईनं निघायचा. आणि आई शनिवारी दुपारी रडायची नाही. मुकाट जेवायची, शांत झोपायची. कोणालाही याचा आनंद झाला असता, पण मला त्यानं जास्तच घोर लागला.

एका शनिवारी शाळेतून आले, तर आई अंगणात बसलेली आणि तिचे केस ओले. चिंब. पाठीवर पाणी ठिपकत होतं. भावाच्या शर्टाची पुढची बाजू भिजलेली, बाह्या वर केलेल्या. आई माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "मना माफी भेटली गो, बाय."

मी हातातली पिशवी तिथेच टाकली. "कुठे नेलंस तिला? टाकीत बुडवलीस? या वयात?" भाऊ म्हणाला, "ताई, केस धुतलेत फक्त." मी म्हटलं, "आणि माफी? ती कोणी दिली?" तो बाह्या खाली करू लागला. मी म्हटलं, "बोल ना! एरवी साक्षी द्यायला तोंड बरं उघडतं!" तो खाली मान घालून म्हणाला, "तू समजतेस तसं काही नाही," आणि हेल्मेट उचलून गेला. ज्याच्या मनात काही नसतं तो असा पळत नाही. मी आईचे केस टॉवेलनं पुसू लागले. रागानं जोरात पुसत होते, ती म्हणाली, "हळू, बाय." केसांना शिकेकाईचा वास येत होता. तो मला आला, पण डोक्यात शिरला नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती निळी टाकी होती.

संध्याकाळी मी फादरांकडे गेले. तरुण आहेत, समजून घेणारे आहेत, पण कोणताही प्रश्न विचारला की आधी हसतात, ते मला खपत नाही. मी सरळ विचारलं, "फादर, एखाद्या म्हाताऱ्या बाईला काही समजत नसताना दुसरा बाप्तिस्मा दिला, तर तिचा पहिला जातो का?" ते हसले. म्हणाले, "पहिला पुसला जात नाही, बाई. कोणी कितीही पाणी ओतलं तरी."

"आणि तारण? ते जातं का?"

या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, "माणूस ते सोडू शकतो. पूर्ण समजून, मनापासून पाठ फिरवून. पण दुसरा कोणी ते काढून नेऊ शकत नाही."

"आणि विसरून?"

"विसरून नाही. तुमच्या आईनं काहीच सोडलेलं नाही. आता तिला पापनिवेदनाचीही सक्ती नाही. सांगा तिला."

सांगा तिला! जणू तिला सांगितलेलं राहतं. घरी येताना मला वाटत होतं की हे फारच सोपं उत्तर आहे. भावाचं सोपं उत्तर आणि फादरांचं सोपं उत्तर, दोघांची उत्तरं आई रडत नसताना दिलेली. आणि भावानं काय केलं ते तर अजून कळलेलं नव्हतंच.

पुढच्या शनिवारी मी शाळेत डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि लवकर निघाले. पुढच्या फाटकानं न येता मागून, केळीतून आले. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावरून चपला हातात घेऊन आले, म्हणजे बघा. आज याला रंगेहाथ पकडायचं आणि या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाऊल ठेवू द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. न्हाणीजवळ बादली होती, तिच्यात शिकेकाईचा चोथा. स्वयंपाकघराच्या दारातून मी आत शिरले आणि माजघराच्या दाराशी थांबले.

आमच्या ओट्यावर उघडणारी एक जुनी खिडकी आहे, लाकडी जाळीची. भाऊ खिडकीच्या आतल्या बाजूला, खाली जमिनीवर, भिंतीला टेकून आडवं तोंड करून बसला होता. एक हात कपाळावर, कान जाळीकडे. देवळात फादर जाळीआड पापनिवेदन ऐकताना बसतात तसा. बाहेर ओट्यावर, स्टुलावर, ओले केस पाठीवर सोडून आई बसली होती आणि जाळीला तोंड लावून बोलत होती.

"...चहात साखर जास्ती घातली, डाक्तर नको बोलला तरी. पोरीवर राग केला. ती चांगली हाय, पण कटकट करते."

भाऊ मान हलवत होता. पापनिवेदन म्हणजे माणसानं माणसापुढे केलेला फुकट खटाटोप, असं हाच मला एकदा म्हणाला होता. आणि हा काही फादर नव्हे, त्याला क्षमा देण्याचा अधिकार नाही, हे देऊळ सोडलेल्या त्यालाही ठाऊक होतं. म्हणजे त्याच्या मतानं हे सगळं खोटं आणि आमच्या मतानंही खोटं. मी ओरडणार होते. तेवढ्यात आई म्हणाली,

"अजून एक हाय, फादर. माजा एक पोरगा हाय. देवळातून गेला. लहान हुता तवा मिस्सा चुकवली म्हनून मी त्याला मारलं हुतं. लय मारलं. म्हनून गेला असंल का?"

भावाचा हात कपाळावरून खाली आला.

"लोक बोलतात त्याचं तारन गेलं. मना ठाव नाय. पन मी वर गेली नि तो नाय आला, तर मना ऱ्हायाचं नाय तिथं. त्याला सोडून मना काय नको. देवाला असं बोलनं पाप हाय का, फादर?"

बाहेर नारळाच्या झावळ्या वाजत होत्या. आईनं जाळीला बोटं लावून विचारलं, "फादर, हाय ना तुमी तिथं?"

"आहे," तो म्हणाला. "पाप नाही ते."

"तो येल?"

"येईल."

"तुमी कसं सांगता?"

"मी ओळखतो त्याला," भाऊ म्हणाला.

आईनं मोठा श्वास सोडला. मग नेहमीच्या सवयीनं तिनं प्रायश्चित्त मागितलं. माझ्या भावानं तिला देवमातेची प्रार्थना म्हणायला सांगितली, जी त्याच्या मंडळीत कोणी तोंडातून काढत नाही. तिनं सुरुवात केली आणि मध्येच अडकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली आणि पुन्हा तिथेच अडकली. तिला रडू येऊ लागलं. तेव्हा आतून, जाळीला डोकं टेकून, भावानं पुढचे शब्द म्हटले. हळूहळू, एकेक, तिला मागे म्हणता यावेत असे. एकही चुकला नाही. लहानपणी आम्हाला दोघांना याच खिडकीखाली बसवून तिनं ती शिकवली होती. माझ्या हातातल्या चपला खाली ठेवायचं भान मला तेव्हा आलं, आणि मी आल्या वाटेनं मागे केळीत जाऊन उभी राहिले. मी रडत होते, आणि मला कोणी पाहू नये असं वाटत होतं.

तो निघाला तेव्हा मी फाटकाशी त्याला गाठलं. आत काय पाहिलं ते सांगितलं नाही, पण त्याला कळलं असावं, कारण माझे पाय चिखलानं भरले होते. मी फक्त विचारलं, "येईल म्हणालास तिला. ते खरं की तिला बरं वाटावं म्हणून?"

तो हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिला. म्हणाला, "पूर्वी मला माहीत होतं, ताई. एकदम पक्कं. आता शनिवारी तिथून उठताना ते तितकं पक्कं नसतं. पण तिला एकटीला पाठवायचं नाही, एवढं मला कळतं."

मी संशयी बाई आहे आणि ते सोडण्याचा माझा विचार नाही. त्या गाळ्यातल्या मंडळीवर माझा अजून विश्वास नाही. फादरांच्या हसण्यावरही नाही. जाळीआड बसून दिलेल्या क्षमेला काय किंमत आहे, ती मोजली जाते की नाही, हे विचारायला मी देवळात गेले नाही, कारण कोणीतरी पुन्हा सोपं उत्तर देईल. आई मात्र शनिवारी दुपारी झोपते, आणि झोपेत तिचं कपाळ सैल पडलेलं असतं.

काल शनिवार होता, पण शाळेला सुट्टी होती. सकाळी उठल्या उठल्या आईनं विचारलं, "आज फादर येनार ना?" मी हो म्हटलं. पाणी तापवलं, रिठे-शिकेकाई उकळली आणि तिला न्हाणीत पाटावर बसवून मीच तिचे केस धुतले. हळू धुतले. मग क्रुसाजवळ उन्हात खुर्ची टाकून दिली आणि झाडावर होतं त्यातलं एक चाफ्याचं फूल तिच्या मांडीवर ठेवलं. भाऊ पावांची पिशवी घेऊन आत आला, आईचे ओले केस पाहून थबकला आणि त्यानं माझ्याकडे संशयानं बघितलं. आजवर मी त्याच्याकडे बघत आले होते, अगदी तसंच.

मी स्टूल उचलून खिडकीखाली ठेवलं, आईला त्यावर बसवलं, आणि त्यांचं होईपर्यंत कोणी आत येऊ नये म्हणून फाटकाशी जाऊन उभी राहिले.